अब्बा, ही कॉपी नाही का?

गेल्या रमजान ईदच्या दुसऱ्या दिवशी आमच्या थोरल्याने बैठकीतल्या सतरंजीवर नोटा मांडल्या. दादीची ईदी, मामूंची ईदी, पुण्याच्या फुफीने दिलेली ईदी आणि दोन वर्षांची साठवण. सगळे मिळून एकवीस हजार. नोटा दोनदा मोजून तो म्हणाला, "अब्बा, उरलेले तुम्ही घाला. आपण कन्सोल घेऊ."

मी सोलापूरच्या एका हायस्कूलमध्ये उर्दू आणि मराठी शिकवतो. शिक्षकाच्या घरात अशा मागणीचे उत्तर ठरलेले असते, "आधी अभ्यास कर." मला मात्र ते उत्तर देता आले नाही. कारण व्हिडिओ गेमचे वेड या घरात माझ्यापासून आले आहे. मी पंचेचाळिशीचा आहे, आणि तीस वर्षांहून अधिक काळ खेळतो आहे. शाळेतल्या सहकाऱ्यांना हे ठाऊक नाही. आता हा अंक स्टाफरूममध्ये गेला की कळेल.

माझे अब्बा सोलापूरच्या एका मिलमध्ये कामाला होते. आमच्या मोहल्ल्यात एका दुकानदाराने दोन टीव्ही मांडून तासावर व्हिडिओ गेम सुरू केला, तेव्हा मी सातवी-आठवीत असेन. मारिओ आणि कॉन्ट्रा हे खेळ मी तिथे शिकलो. किराणा आणायला दिलेल्या पैशांतले सुटे वाचवून जायचो आणि घरी मार खायचो. पुष्कळ वर्षांनी समजले की ते यंत्र आणि त्यातल्या पिवळ्या कॅसेट ही निन्टेन्डो कंपनीने १९८३ मध्ये जपानात आणलेल्या यंत्राची नक्कल होती. आमच्या पिढीतल्या असंख्य मुलांनी खेळाची पहिली ओळख नकलेवरच करून घेतली. आम्हाला त्यात काही वावगे वाटले नाही, कारण अस्सल वस्तू आम्ही पाहिलीच नव्हती.

पुढे कॉलेजात असताना एका कॉम्प्युटर क्लासमध्ये 'प्रिन्स ऑफ पर्शिया' मिळाला. फ्लॉपीवरचा छोटासा खेळ. सुलतानाची बेटी कैदेत, वजीर जाफर दुष्ट, आणि तळघरातून वर पोचायला साठ मिनिटे. दास्ताने वाचून वाढलेल्या मला तो सोडवेना. हा खेळ जॉर्डन मेकनर या तरुणाने जवळजवळ एकट्याने बनवला होता आणि तो १९८९ मध्ये बाजारात आला. शहजाद्याचे पळणे, उडी मारणे, कठड्याला लोंबकळणे इतके जिवंत का वाटते याचे उत्तर नंतर वाचले. मेकनरने आपल्या धाकट्या भावाला पळायला आणि उड्या मारायला लावून त्याचे चित्रीकरण केले आणि एकेक चित्र त्यावरून उतरवले. एका खेळामागे माणसाची किती मेहनत असते, हे मला तेव्हा प्रथम उमगले. तरीही मी ती फ्लॉपी मित्राकडून कॉपी करूनच घरी नेली होती.

२०१४ मध्ये आम्ही घरी कॉम्प्युटर घेतला. दुकानदाराने सुटे भाग जोडून दिला आणि विंडोज "टाकून" दिली. या "टाकून देणे" शब्दप्रयोगात सगळे आले. तिचा परवाना कुणी मागितला नाही, कुणी दिला नाही. मग ऑफिसचे सॉफ्टवेअर, उर्दूचे सॉफ्टवेअर, गेम, सगळे कुणाच्या तरी पेनड्राइव्हवरून आले. गेम उघडण्यासाठी जी कुलूपतोड फाइल लागते तिला क्रॅक म्हणतात. ती चालवताना अँटिव्हायरस ओरडतो, म्हणून अँटिव्हायरस आधी बंद करायचा असतो. म्हणजे चोराला आत घेण्यासाठी राखणदाराला झोपवायचे. हे मी स्वतःच्या हाताने कितीदा केले याची गणती नाही.

२०२३ च्या पावसाळ्यात एक फुटबॉलचा गेम असाच आणला. मुलगा तेव्हा सहावीत होता, शेजारी बसून पाहत होता. रात्री गेम चालला. सकाळी कॉम्प्युटर सुरू केला तर एकही फाइल उघडेना. प्रत्येक फाइलच्या नावापुढे कसलीतरी अक्षरे चिकटली होती आणि पडद्यावर इंग्रजीत चिठ्ठी होती, फाइली परत हव्या असतील तर इतके डॉलर भरा. या प्रकाराला रॅन्समवेअर म्हणतात. फाइली कुलूपबंद करून खंडणी मागणारा व्हायरस.

सहामाहीच्या प्रश्नपत्रिका गेल्या, त्या पुन्हा टाइप केल्या. फोटो बरेचसे नातेवाइकांच्या मोबाइलमधून गोळा झाले. पण एक फाइल कुठेच नव्हती. अब्बांच्या इंतकालाच्या आदल्या वर्षी मी त्यांना समोर बसवून बावीस मिनिटे बोलते केले होते. मिलचा पहाटेचा भोंगा, पहिला पगार, संपाच्या दिवसांत अम्मीने विकलेल्या बांगड्या, हे सगळे त्यांच्या आवाजात होते. मोबाइल बदलला तेव्हा ती फाइल "सुरक्षित राहावी" म्हणून मी कॉम्प्युटरवर ठेवली होती. एकाच जागी.

मी खुर्चीत बसून राहिलो. मुलाने विचारले, "अब्बा, हा गेम आपण विकत घेतला होता का?"

"नाही."

"मग ही कॉपी नाही का? तुम्ही तर परीक्षेत कॉपी करणाऱ्याचा पेपर काढून घेता."

टोमणा मारण्याचे त्याचे वय नव्हते. त्याला खरेच जाणून घ्यायचे होते. माझ्याकडे उत्तर नव्हते. हलाल-हराम ठरवायला मी मुफ्ती नाही. पण शिक्षक आहे, आणि दुसऱ्याच्या मेहनतीचे मोल न देता ती वस्तू वापरणे म्हणजे काय, हे मी वर्गात दरवर्षी सांगतो. त्या दिवशी ठरवले की या कॉम्प्युटरवर यापुढे जे येईल ते एकतर विकत घेतलेले असेल, नाहीतर बनवणाऱ्याने स्वखुशीने दिलेले असेल.

स्वखुशीने दिलेले म्हटल्यावर मला एक जुने पाकीट आठवले. बीएड झाल्यानंतरच्या काळात मी उबुंटू नावाच्या लिनक्सची सीडी मागवली होती. मागेल त्याला ते लोक टपालाने सीडी पाठवत, टपालखर्चसुद्धा घेत नसत. परदेशातून आपल्या नावाचे पाकीट आले याचेच अप्रूप. सीडीसोबतच्या कागदावर चक्क लिहिले होते की हिच्या प्रती काढा आणि मित्रांना वाटा. कॉपी करा म्हणून सांगणारी सीडी मी आयुष्यात पहिल्यांदा पाहिली. पण तेव्हा माझा इंटरनेटचा मोडेम तिच्यावर चालेना, आवाज येईना, आणि खेळ तर नव्हतेच. आठवड्याभरात मी पुन्हा विंडोज "टाकून" घेतली.

ज्यांना लिनक्स हे नाव नवीन आहे त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. कॉम्प्युटर चालवणारी मूळ व्यवस्था म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिम. विंडोज ही एका कंपनीची आहे. लिनक्सचा गाभा लिनस टोरवाल्ड्स या फिनलंडमधल्या विद्यार्थ्याने १९९१ मध्ये लिहायला घेतला आणि सर्वांसाठी खुला ठेवला. आज जगभरचे लोक आणि कंपन्या मिळून तो वाढवतात. आपल्या हातातल्या अँड्रॉइड मोबाइलच्या पोटातही तोच गाभा आहे. केरळच्या सरकारी शाळांत मुले कॉम्प्युटर शिकतात ते लिनक्सवरच. मी शिक्षक असूनही मला ही गोष्ट उशिरा कळली.

२०२३ मध्ये मी पुन्हा लिनक्सकडे गेलो. या वेळी मिंट नावाचा प्रकार निवडला. लिनक्सचे प्रकार पुष्कळ, आणि कोणता श्रेष्ठ यावर शौकीन लोक तावातावाने भांडतात. माझे मत साधे आहे. कुणाला मोबाइलसारखा चेहरा आवडतो, कुणाला प्रत्येक रंग आणि बटण बदलायचे असते. पण ज्या घरात दादीपासून नातीपर्यंत सगळे एकच कॉम्प्युटर वापरतात, तिथे खाली पट्टी, कोपऱ्यात मेनू, असा ओळखीचा चेहरा हवा. मिंटमध्ये तो आहे. धाकटीला काही शिकवावे लागले नाही.

खेळांची मात्र मला धास्ती होती. ती मुलाने घालवली, आणि त्यावरून घरात थोडा गोंधळही झाला. एके संध्याकाळी तो बैठकीतून ओरडला, "अब्बा, मी वाइन टाकतोय!" मुसल्ल्यावर तस्बीह घेऊन बसलेल्या अम्मी ताडकन उठल्या. "क्या बोल्या तू? घर में वाइन?" त्यांची समजूत घालायला मला पाव तास लागला.

ही वाइन म्हणजे १९९३ पासून बनत आलेला एक प्रोग्रॅम आहे. विंडोजसाठी लिहिलेला गेम कॉम्प्युटरला विंडोजच्या भाषेत हुकूम देतो, अमुक फाइल उघड, अमुक चित्र दाखव. लिनक्सला ती भाषा कळत नाही. वाइन मध्ये बसून दुभाष्याचे काम करते. दोन भाषा शिकवणाऱ्या माणसाला हे काम फार आवडले. २०१८ मध्ये व्हॉल्व्ह या कंपनीने वाइनच्या पायावर प्रोटॉन नावाची व्यवस्था उभी केली आणि आपल्या स्टीम या खेळांच्या दुकानात बसवली. तेव्हापासून विंडोजचे हजारो खेळ लिनक्सवर चालू लागले. २०२२ मध्ये याच कंपनीने स्टीम डेक नावाचे हातात धरून खेळायचे यंत्र आणले, तेही लिनक्सवर चालते. त्यामुळे खेळ बनवणारे आता लिनक्सकडे पूर्वीसारखा काणाडोळा करत नाहीत.

पण सगळे गोड आहे असे सांगितले तर ती फसवणूक होईल. व्हॅलोरंट आणि फोर्टनाइट हे खेळ लिनक्सवर चालत नाहीत. लबाडी पकडणारी त्यांची यंत्रणा लिनक्स चालू देत नाही. तुमच्या मुलाचे सगळे मित्र यांपैकीच काही खेळत असतील, तर तो लिनक्सवर एकटा पडेल. दुसरी अडचण माझी होती. माझ्या उर्दू प्रश्नपत्रिका इनपेजमध्ये बनत, आणि ते विंडोजचे सॉफ्टवेअर. मी लिब्रेऑफिस आणि नोटो नस्तालीक हा मोफत फॉन्ट घेऊन युनिकोडमध्ये टाइप करायला शिकलो. पहिल्या प्रश्नपत्रिकेला दोन रात्री लागल्या. आता हात बसला आहे. शिवाय एकाच पानावर उर्दू आणि मराठी दोन्ही नीट राहतात. छापखान्याला मात्र अजून इनपेजचीच फाइल हवी असते, म्हणून त्यांना पीडीएफ देतो.

खेळांसाठी आम्ही दोन वाटा धरल्या. पहिली मोफत खेळांची. सुपरटक्सकार्ट हा गाड्यांच्या शर्यतीचा खेळ धाकटीचा लाडका. झिरो एडी या खेळात प्राचीन राज्ये उभारायची असतात. त्यात इराणी आहेत, रोमन आहेत आणि आपले मौर्यही आहेत. हे दोन्ही खेळ लोकांनी हौसेने बनवून सर्वांना दिले आहेत. दुसरी वाट स्टीमवर विकत घेण्याची. तिथे किमती रुपयांत असतात आणि वर्षातून काही वेळा मोठी सूट मिळते. युरो ट्रक सिम्युलेटर २ हा खेळ आम्ही असाच सुटीच्या किमतीत घेतला. ट्रकमध्ये माल भरायचा आणि युरोपातल्या एका शहरातून दुसऱ्या शहरात पोचवायचा, बस. मारामारी नाही, रक्त नाही. इशानंतर अम्मी जपमाळ ओढत शेजारी बसतात आणि विचारतात, "कहां तक पहुंचा?" तो सांगतो, "पोलंड, दादी." त्या म्हणतात, "आहिस्ता चला."

आता त्या एकवीस हजारांकडे येतो. मी मुलाला कागद-पेन घेऊन बसवले. प्लेस्टेशन ५ हे यंत्र फेब्रुवारी २०२१ मध्ये भारतात आले तेव्हा डिस्क चालणाऱ्या यंत्राची किंमत ४९,९९० रुपये होती, पुढे ती वाढली. मोठ्या खेळांपैकी काहींची किंमत पाच हजारांच्या घरात जाते. विकत घेतलेले बहुतेक खेळ इंटरनेटवर इतरांशी खेळायचे तर वर्गणी निराळी. हे सगळे लिहून काढल्यावर त्याचा चेहरा पडला.

पण मी त्याला कन्सोलची बाजूही सांगितली, कारण ती खोटी नाही. माझ्या बहिणीकडे पुण्यात कन्सोल आहे. बटण दाबले की खेळ सुरू. हे चालेना, ते दिसेना, अशी कटकट नाही. दोन भाऊ टीव्हीसमोर शेजारी शेजारी बसून खेळतात, आई स्वयंपाकघरातून ओरडते, सगळे हसतात. कॉम्प्युटरवर खेळणारा मुलगा बहुतेक वेळा घराकडे पाठ करून एकटा बसलेला असतो. खोलायची, दुरुस्तीची हौस ज्यांना नाही आणि खर्च परवडतो, त्यांनी कन्सोल खुशाल घ्यावा. फक्त डिस्क चालणारा घ्यावा. डिस्क वापरून झाल्यावर विकता येते, भावाला देता येते. निव्वळ डाउनलोड केलेला खेळ तसा देता येत नाही.

आणि एक गोष्ट लक्षात ठेवावी. कन्सोल विकत घेतला तरी त्यात काय चालेल हे कंपनी ठरवते. २००६ मध्ये सोनीचा प्लेस्टेशन ३ आला तेव्हा त्यावर लिनक्स बसवण्याची सोय होती. लोकांनी त्याच भरवशावर तो घेतला. एप्रिल २०१० मध्ये कंपनीने एका अपडेटने ती सोय काढून टाकली. अपडेट नाकारणाऱ्यांना ऑनलाइन खेळता येईना. अमेरिकेत त्यावर कोर्टकचेरी झाली. पैसे आपण मोजले, वस्तू आपल्या टेबलावर आहे, तरी ती पूर्ण आपली नाही. आमचा २०१४ चा कॉम्प्युटर मात्र मी कितीदा उघडला, धूळ झटकली, रॅम बदलली. विंडोज १० चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, आणि इतक्या जुन्या प्रोसेसरला विंडोज ११ अधिकृतपणे घेत नाही. कंपनीच्या हिशेबाने तो भंगार आहे. आमच्या घरात तो रोज चालतो.

मुलगा तीन दिवस फुगून होता. मग आम्ही नवी पेठेत गेलो. एएमडीचे एक वापरलेले ग्राफिक्स कार्ड, एक एसएसडी आणि दोन कंट्रोलर घेतले. एसएसडी बसवल्यावर दोन मिनिटांनी सुरू होणारा कॉम्प्युटर अर्ध्या मिनिटात सुरू होऊ लागला. कार्ड त्याने स्वतः बसवले, मी फक्त टॉर्च धरला. लांब केबलने कॉम्प्युटर टीव्हीला जोडला, म्हणजे पाठ करून बसणे बंद. उरलेले नऊ हजार त्याच्या खात्यात गेले. त्याला कन्सोल अजूनही हवाच आहे. दहावीनंतर स्वतःच्या पैशांनी घेणार म्हणतो. घेऊ दे. हिशेब करून घेतला तर माझी हरकत नाही.

घरात आम्ही काही नियम केले. खेळ बैठकीत, सर्वांसमोर. ऑनलाइन खेळ पॉज होत नाही, म्हणून अजानची वेळ किंवा जेवणाची वेळ अर्ध्या तासावर असेल तर तो सुरूच करायचा नाही. पैसे भरायचे ते मोठ्यांनी, मुलांच्या हाती कार्ड नाही. जपायची प्रत्येक फाइल दोन जागी, त्यातली एक जागा कॉम्प्युटरबाहेर. हा नियम माझ्यासाठी आहे. आणि ज्यांना लिनक्स पाहायचे आहे त्यांनी आधी पेनड्राइव्हवरून चालवून पाहावे. तसे चालवताना इन्स्टॉलचे बटण दाबले नाही, तर आतले काही पुसले जात नाही.

अब्बांच्या आवाजाची ती कुलूपबंद फाइल मी पुसलेली नाही. एका पेनड्राइव्हवर कपाटात ठेवली आहे. पोलीस यंत्रणा अशा टोळ्यांना पकडतात तेव्हा कधी कधी किल्ल्या हाती लागतात. नो मोअर रॅन्सम या नावाने २०१६ पासून असा एक उपक्रम चालतो, तिथे त्या किल्ल्या मोफत मिळतात. दर दोन-तीन महिन्यांनी मुलगा स्वतःहून पेनड्राइव्ह काढतो, तिथे जाऊन आमच्या कुलपाची किल्ली आली का ते पाहतो, आणि मला सांगतो, "अजून नाही, अब्बा."

मग पेनड्राइव्ह रुमालात गुंडाळून जागेवर ठेवतो.